प्रत आणि संहिता : दुर्मीळ, स्वाक्षरांकित व बांधीव ग्रंथांच्या संग्रहाचे वाङ्मयेतिहासातील स्थान

प्रास्ताविक

जुन्या ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या व्यक्तीकडे विद्यापीठीय अभ्यासक्षेत्रात सामान्यतः एक हौशी माणूस म्हणून पाहिले जाते. पहिली आवृत्ती, लेखकाची सही असलेली प्रत, कातडी पाठीची आणि सोनेरी अक्षरांची बांधणी यांविषयीची त्याची ओढ ही नाणी किंवा तिकिटे जमवण्याच्या छंदाच्या जातीची मानली जाते. अभ्यासकाला हवी असते ती संहिता. ती विश्वसनीय पुनर्मुद्रणात मिळत असेल, तर मूळ प्रतीचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गातही विचारला जातो.

हा प्रश्न वरवर रास्त वाटला तरी त्यामागे एक गृहीतक आहे. मुद्रित ग्रंथाच्या सर्व प्रती सारख्याच असतात आणि त्यांतील कोणतीही एक प्रत दुसरीची जागा घेऊ शकते, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. विशिष्ट प्रत, म्हणजे तिचा कागद, तिची बांधणी, तिच्यावरील सह्या, शिक्के व टिपणे यांसह हाती येणारी वस्तू, ही संहितेहून वेगळे असे वाङ्मयेतिहासाचे स्वतंत्र साधन आहे. आणि संग्राहकाची दृष्टी अभ्यासकाने स्वीकारली नाही, तर हे साधन ग्रंथालयातच नष्ट होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हस्तलिखितांना न्याय, मुद्रितांची उपेक्षा

मराठी संशोधनाला प्रतीचे महत्त्व अपरिचित आहे असे मुळीच नाही. पाठचिकित्सेचा पायाच प्रत्येक पोथीच्या स्वतंत्र वर्णनावर उभा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये सुरू करून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पोथ्यांची लिपी, स्थान, पत्रसंख्या आणि परस्परसंबंध यांची नोंद किती काटेकोरपणे केली आहे, हे सर्वज्ञात आहे.

मूळ प्रत नाहीशी झाली की काय घडते, याचेही ठळक उदाहरण मराठीत आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती पोथी एकनाथपूर्वकालीन असल्याचे मत मांडले. पुढे ती पोथी अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. राजवाड्यांनी छापलेली संहिता आज कोणालाही वाचता येते. परंतु ज्या कागदावर, ज्या अक्षरवळणात ती लिहिली होती ते समोर नसल्यामुळे तिच्या प्राचीनत्वाचा वाद निर्णायकपणे मिटवता येत नाही. संहिता वाचली, पण तिच्याविषयीचा पुरावा गेला.

हस्तलिखिताबाबत जी जाणीव इतकी तीव्र आहे, ती मुद्रित ग्रंथाबाबत मात्र शिथिल होते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची नोंद करणारा भाग १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या व्यक्तीच्या चिकाटीचे ते अपूर्व फळ आहे. परंतु ग्रंथसूची ही स्वभावतःच आवृत्तीचे वर्णन करते, प्रतीचे नव्हे. सूचीतील एका नोंदीमागे निरनिराळ्या ग्रंथालयांतील पाच प्रती असतील, तर त्या पाचांचा पाच प्रकारचा इतिहास नोंदला जात नाही. तो नोंदण्याचे काम पुढच्या अभ्यासकांचे होते; ते बहुतांशी तसेच राहिले आहे.

दुर्मीळता : किमतीचा नव्हे, कारणांचा विचार

‘दुर्मीळ’ हे विशेषण बाजारात किमतीशी निगडित असते. अभ्यासकाने मात्र ग्रंथ दुर्मीळ का झाला, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. कारण दुर्मीळतेची कारणे हा वाचनव्यवहाराचाच इतिहास असतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गोव्यात मुद्रणयंत्र आले ते १५५६ मध्ये. मराठी ओव्यांतील हे पुराण रोमन लिपीत १६१६ मध्ये छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही मुद्रित प्रत आज ज्ञात नाही. स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीजचा वापर सक्तीचा करणारा हुकूम १६८४ मध्ये निघाला, हे लक्षात घेतले म्हणजे अशा ग्रंथांभोवतीचे वातावरण किती प्रतिकूल होत गेले याची कल्पना येते. काव्य टिकले ते हस्तलिखित नकलांमुळे. अशा नकलांच्या आधाराने १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. संहिता अशी परत मिळाली. परंतु १६१६ आणि १६५४ या दोन मुद्रणांमध्ये शब्दांत, लेखनपद्धतीत किंवा मांडणीत कोणते बदल झाले, हे छापील पानांच्या साक्षीने सांगण्याचा मार्ग उरला नाही. एकेका आवृत्तीची एकेक प्रत जरी एखाद्या घरात राहिली असती, तरी सतराव्या शतकातील मराठीच्या अभ्यासाची एक बाजू वेगळी झाली असती.

दुर्मीळतेचे दुसरे कारण याच्या अगदी उलट, म्हणजे अतिवापर हे होय. पंचांगे, शालेय पुस्तके, उजळण्या, आरत्यांचे संग्रह यांच्या प्रती सर्वांत अधिक छापल्या जातात आणि सर्वांत कमी उरतात. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, ही मुद्रणाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. वर्ष संपताच टाकून देण्याची वस्तू म्हणून मात्र पंचांगाला जपून ठेवण्याची प्रथा नव्हती. ज्यांनी समाजाच्या वाचनाला वळण लावले तेच ग्रंथ नष्ट व्हावेत आणि कपाटात न उघडता राहिलेले ग्रंथ सुस्थितीत मिळावेत, ही विसंगती केवळ उपलब्ध ग्रंथांवरून वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्याने सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

तिसरे कारण लिपीचे. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मुद्रणालयातून ‘सिंहासनबत्तीशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) यांसारखी पुस्तके मोडी खिळ्यांनी छापली गेली. पुढे मराठी मुद्रणाने बालबोध लिपी स्थिर केली आणि मोडी वाचणारा वाचकच कमी होत गेला. वाचता न येणारे पुस्तक घरात फार काळ टिकत नाही. आज अशी प्रत समोर आली तर तिच्यातील गोष्टींपेक्षा तिचे मोडी खिळे अधिक बोलके ठरतात.

मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील अशा ग्रंथांना मराठीत ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. युरोपात ही मर्यादा इ. स. १५०० अखेरपर्यंतची मानतात. मराठीत ती सामान्यतः १८६७ पर्यंत धरली जाते. कारण त्या वर्षीच्या कायद्याने मुद्रित पुस्तकांची नोंद आणि त्यांच्या प्रती सरकारात जमा करणे आवश्यक झाले. म्हणजे ही मर्यादा मुद्रणतंत्राची नसून नोंदीची आहे. १८६७ पूर्वीच्या ग्रंथाचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी पुष्कळदा प्रतीखेरीज दुसरा आधार नसतो.

बांधणी : बाह्यांग की पुरावा?

सुंदर बांधणीची आवड ही श्रीमंती थाटाची गोष्ट समजली जाते. तथापि, बांधणीचा प्रकार ग्रंथाच्या वापराचा प्रकार सांगतो, हे मराठीतील शब्दांवरूनच दिसते. पोथी म्हणजे सुट्या आडव्या पत्रांची, वर-खाली फळ्या ठेवून रुमालात बांधलेली. ती चौरंगावर ठेवून वाचावयाची. बाड म्हणजे शिवलेले, निरनिराळ्या कवींच्या रचना एकत्र उतरवून घेतलेले, कीर्तनकाराने बरोबर बाळगावयाचे. गुटका म्हणजे नित्यपाठासाठी जवळ ठेवावयाचे आटोपशीर पुस्तक. मुद्रण आले तरी ही भेदरेषा पुसली गेली नाही. शिळाछापाच्या काळात धार्मिक ग्रंथ दीर्घकाळ पोथीच्या आकारातच, सुट्या पत्रांत छापले जात राहिले. नव्या यंत्रावर जुना आकार का टिकला, हा प्रश्न संहितेकडे पाहून सुचणारच नाही. तो पोथी हातात घेतल्यावरच सुचतो.

पाश्चात्त्य पद्धतीची, फर्मे शिवून पुठ्ठ्यात बसवलेली बांधणी रूढ झाल्यावर एक नवी हानी सुरू झाली. नियतकालिकांचे अंक वर्षाअखेर एकत्र बांधताना बाइंडर वेष्टने काढून टाकतो आणि कडा छाटतो. वेष्टनावर अंकाची किंमत, वर्गणीचे नियम, जाहिराती, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी, क्वचित संपादकाचे निवेदन असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ते १८८१ या काळात मासिकरूपाने ८४ अंकांत निघाली. बहुतेक वाचकांना ती एकत्रित ग्रंथ म्हणूनच ठाऊक आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आल्या. आज त्या अखंड पुस्तके म्हणून वाचल्या जातात. अंकाच्या शेवटी वाचक कुठे थांबत होता, त्याच पानावर दुसरे काय छापलेले होते, पुढच्या अंकाचे कोणते आश्वासन दिले होते, हे कळावयाचे तर अंक वेष्टनासह पाहावे लागतात. छाटलेल्या कडेबरोबर समासातील टिपणांची अक्षरेही जातात. ग्रंथ ‘टिकावा’ म्हणून केलेल्या बांधणीतच त्याच्या इतिहासाचा काही भाग कापला जातो.

स्वाक्षरी : मालकी, अर्पण आणि वाचन

ग्रंथावरील सही तीन प्रकारची असते. पहिली मालकाची, दुसरी लेखकाने प्रत भेट देताना केलेली आणि तिसरी, जिला सही न म्हणता वाचनखूण म्हणता येईल अशी, समासातील रेघा व टिपणांची. संग्राहक दुसऱ्या प्रकाराला अधिक मोल देतात. अभ्यासकाला पहिला आणि तिसरा प्रकार अधिक उपयोगी पडतो.

मालकी-सहीचे मराठी इतिहासातील अत्यंत लक्षणीय उदाहरण तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांचे आहे. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. १८३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने जे उभे केले, त्यात सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ हे प्रमुख कार्य होते. १८२० च्या सुमारास केलेल्या काशीयात्रेत त्याने पोथ्या मिळवल्या. युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ मागवले. त्यांपैकी अनेक ग्रंथांवर त्याची इंग्रजी सही आहे. वाड्यातल्या नवविद्याकलानिधी मुद्रणालयात देवनागरी खिळ्यांनी मराठी व संस्कृत ग्रंथ छापले गेले. इसापच्या कथांचे सख्खण पंडितकृत मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ (१८०६) हे त्यांतील प्रसिद्ध आहे.

या सह्यांचा अर्थ काय? एक तर त्यांच्यामुळे राजाने स्वतः मिळवलेले ग्रंथ आणि नंतर आलेले ग्रंथ वेगळे करता येतात. दुसरे, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, कोशवाङ्मय अशा विषयांवरील सही केलेले ग्रंथ मांडून पाहिले, तर मराठी गद्याच्या आरंभकाळी एका मराठी दरबारात कोणती ज्ञानसामग्री प्रत्यक्ष उपलब्ध होती, हे अनुमानाने नव्हे तर वस्तूंच्या आधारे सांगता येते. मराठी गद्याचा आरंभ श्रीरामपूर व मुंबई यांच्या मिशनरी आणि सरकारी प्रयत्नांतूनच मांडण्याची रीत आहे; तंजावरचे कपाट तिला दुरुस्ती सुचवते. १८५५ मध्ये राजवंशाचा अधिकार संपल्यावरही हा संग्रह एकत्र राहिला आणि १९१८ मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालय झाला. संग्रह फुटून एकेक ग्रंथ वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेला असता, तर सह्या उरल्या असत्या, पण त्यांचा परस्परसंबंध उरला नसता.

वाचनखुणांचे उदाहरण म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथसंग्रहाचा उल्लेख करावा लागेल. ग्रंथांसाठी दादर येथे ‘राजगृह’ बांधणाऱ्या या वाचकाने १९१७ मध्ये इंग्लंडहून परतताना स्वतंत्र जहाजाने पाठवलेले सामान टॉर्पेडोच्या हल्ल्यात गमावले होते. पुढे जमवलेल्या आणि जपलेल्या त्यांच्या संग्रहाचा महत्त्वाचा भाग मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे. त्यांत जॉन ड्यूई यांच्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथाची आंबेडकरांच्या सहीची, लंडन व जानेवारी १९१७ असा निर्देश असलेली प्रत आहे. आंबेडकर १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ सोडून लंडनला गेले होते. म्हणजे ड्यूईंचे हे पुस्तक त्यांनी वर्ग सुटल्यानंतर, स्वतःच्या निवडीने घेतले. स्कॉट स्ट्राउड यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रतींवरील रेघा व खुणा आंबेडकरांच्या पुढील लेखनाशी, विशेषतः १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’शी, ताडून पाहिल्या आहेत. गुरुशिष्यसंबंधाविषयीचे सामान्य विधान आणि कोणत्या परिच्छेदाखाली पेन्सिल थांबली याचा दाखला, यांतले अंतर फार मोठे आहे. ड्यूईंचे पुस्तक जगातील असंख्य ग्रंथालयांत आहे. हा दाखला एकाच प्रतीत आहे.

संग्राहक : रक्षक आणि भक्षक

येथवरच्या विवेचनावरून संग्राहकाच्या वृत्तीचे सरसकट समर्थन करावयाचे आहे, असा समज होऊ नये. प्रत हा पुरावा असल्यामुळे त्या पुराव्यात फेरफार करण्याचा मोहही संग्राहकांच्याच जगात निर्माण होतो. इंग्लंडमधील टॉमस जेम्स वाइझ यांचे प्रकरण यासाठी ग्रंथविद्येत कायमचे उदाहरण झाले आहे.

वाइझ हे आपल्या काळातील अत्यंत मान्यवर संग्राहक व ग्रंथसूचीकार. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या प्रेमसुनीतांची ‘रीडिंग, १८४७’ असा निर्देश असलेली पुस्तिका त्या कवितांचे पहिले मुद्रण म्हणून प्रसिद्धीस आली होती. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या तरुण ग्रंथविक्रेत्यांनी अशा अनेक पुस्तिकांचा कागद आणि खिळे तपासले. १८४७ मध्ये वापरातच नसलेल्या रासायनिक लाकूडलगद्याचा कागद त्यांत आढळला आणि पुस्तिका बनावट ठरल्या. कवितांची संहिता अस्सल होती. खोटी होती ती वस्तू. केवळ संहिता वाचणाऱ्या टीकाकाराला हा बनाव कधीच उघड करता आला नसता. पुढे १९५० च्या दशकात असेही दिसून आले की, आपल्याजवळील जुन्या नाटकांच्या अपुऱ्या प्रती पूर्ण करण्यासाठी ब्रिटिश म्युझियममधील प्रतींची पाने काढली गेली होती. ‘परिपूर्ण’ प्रतीचा हव्यास ग्रंथाला कुठवर नेतो, याचा हा धडा आहे.

याचे सौम्य रूप कुठेही आढळू शकते. जीर्ण मुखपृष्ठ टाकून नवी कातडी बांधणी करणे, दोन अपुऱ्या प्रतींची एक पूर्ण प्रत तयार करणे, जुन्या मालकाचे नाव खोडणे, सहीचे पान वेगळे करून विकणे, या सर्व कृतींत ग्रंथ अधिक देखणा किंवा अधिक विक्रेय होतो आणि साधन म्हणून दुर्बळ होतो. म्हणून अभ्यासकाच्या दृष्टीने उत्तम प्रत म्हणजे सुंदर प्रत नव्हे. जिच्यावर तिचा प्रवास वाचता येतो ती प्रत होय.

अध्यापकांपुढील कार्य

मराठी दोलामुद्रिते आणि एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ मोठ्या संस्थांतच आहेत असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा जुन्या ग्रंथालयांप्रमाणेच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही देणगीने आलेली कपाटे असतात. तेथील जीर्ण पुस्तके रद्द करावयाची, बांधावयाची की वेगळी ठेवावयाची, हा निर्णय पुष्कळदा भाषाविभागातील अध्यापकाच्या शिफारशीवर होतो.

संगणकीय छायाप्रती उपलब्ध झाल्यामुळे हा निर्णय अधिक नाजूक झाला आहे. छायाप्रतीने संहिता सर्वांच्या हाती येते, हा तिचा मोठाच उपकार आहे. परंतु ती कागदाचा पोत, शिवण, ग्रंथाचे वजन दाखवू शकत नाही, आणि कोरी पाने, वेष्टने व जाहिराती तिच्यातून अनेकदा गाळल्या जातात. ‘छायाप्रत झाली, आता मूळ प्रत काढून टाकावी’ हा युक्तिवाद राजवाड्यांच्या पोथीची कथा पुन्हा घडवून आणेल.

या दृष्टीने काही गोष्टी किमान आवश्यक वाटतात. बांधणीस देण्यापूर्वी मुखपृष्ठ, वेष्टन, मालकाची सही, शिक्के, किंमत व टिपणे यांची लेखी नोंद व्हावी. वेष्टने बांधणीच्या आतच ठेवण्याची आणि कडा न छाटण्याची सूचना बाइंडरला द्यावी. ग्रंथालयाचा शिक्का जुन्या सहीवर उमटवू नये. देणगीतील ग्रंथ विषयवार विखुरले तरी दात्याची मूळ यादी जपावी. शीर्षकपृष्ठावरील शके व इसवी सन दोन्ही, मुद्रणालयाचे नाव आणि आवृत्तीचा निर्देश जसाच्या तसा उतरवून घ्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी एखाद्या ग्रंथालयातील १८६७ पूर्वीच्या ग्रंथांचे प्रतवर्णन हा विषय देता येईल. अशा कामाला मोठा निधी लागत नाही. वेळ, डोळे आणि स्वच्छ हात लागतात.

उपसंहार

संहिता ही लेखकाची असते. आवृत्ती ही प्रकाशकाची व मुद्रकाची. प्रत मात्र ज्यांच्या हातून ती गेली त्या सर्वांची असते. वाङ्मयाचा इतिहास केवळ लेखनाचा इतिहास नसून तो मुद्रणाचा, विक्रीचा, देण्याघेण्याचा आणि वाचनाचाही इतिहास आहे, असे मानले तर प्रतीला साधनांच्या यादीत स्थान द्यावेच लागते. तंजावरच्या राजाची सही आणि ड्यूईंच्या ग्रंथातील पेन्सिलीची रेघ या दोहोंतून जे कळते, ते कोणत्याही पुनर्मुद्रणातून कळत नाही. संग्राहकाने ज्या वस्तू प्रेमाने जमवल्या, त्यांच्याकडे चिकित्सक बुद्धीने पाहणे हे अभ्यासकाचे काम आहे. आणि ते होण्यासाठी त्या वस्तू आहे त्या रूपात शिल्लक राहणे ही पहिली अट आहे.